लेझरने केलेले सोन्याचे नॅनोकण: द्रावक बदलला की कण का बदलतात?

लोलक

मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे. इथे लेझरवाले आणि कलिलवाले दोघेही वावरतात, म्हणून विचारायचं धाडस करतोय.

द्रवाच्या तळाशी सोन्याची चकती ठेवायची, वरून लेझरच्या पल्स मारायच्या. धातू उडतो आणि द्रवात नॅनोकणांचं कलिल (द्रवात तरंगणाऱ्या बारीक कणांचं मिश्रण) तयार होतं. क्षपणक (क्षारातून धातू मोकळा करणारं रसायन) नको, साबण नको, काही नको. माझा लेझर एनडी-याग, १०६४ नॅनोमीटर, पल्स काही नॅनोसेकंदांची. चकती तीच, ऊर्जा तीच, वेळ तितकाच. बदलला तो फक्त द्रव. पाण्यात सुरेख लाल रंग, शोषणाचं शिखर (ज्या तरंगलांबीचा प्रकाश सगळ्यांत जास्त गिळला जातो ती) ५२० नॅनोमीटरच्या आसपास, बाटली कपाटात पडून आहे आणि तिला काहीही होत नाही. इथेनॉलमध्ये सुरुवातीपासूनच जांभळट झाक, दुसऱ्या दिवशी तळाला काळपट गाळ. ॲसिटोनमध्ये लाल, टिकतं, आणि कण सगळ्यांत लहान. टोल्यूनमध्ये रंगच तपकिरी, शिखर जवळपास गायब.

आमच्याकडचं अधिकृत उत्तर एका शब्दाचं आहे: श्यानता. घट्ट द्रवात कण हळू फिरतात, कमी आदळतात, म्हणून कमी वाढतात. मला हे पटत नाही. ॲसिटोन पाण्यापेक्षा जवळपास तिपटीने पातळ आहे (०.३१ विरुद्ध ०.८९ मिलिपास्कल-सेकंद). या हिशोबाने तिथले कण सगळ्यांत मोठे निघायला हवेत. झालंय उलटं. मग द्रावक नेमका कुठे हात घालतो? धातू उडताना, की नंतर?

पेंगुळलेली

सोनं द्रवात उडवायचं आणि मग ते कुठे गेलं म्हणून धागा काढायचा. श्रीमंती म्हणतात ती हीच. वाचतेय, चालू द्या.

बुडबुडा

आयडीला जागून उत्तर देतो.

'उडताना' आणि 'नंतर' यांच्यामध्ये एक टप्पा तुम्ही गाळलात. पल्स पडते ती काही नॅनोसेकंद. तेवढ्यात धातूचा प्लाझ्मा होतो, तापमान हजारो केल्विन. त्याला टेकलेल्या द्रवाच्या थराची वाफ होते आणि त्या वाफेचा बुडबुडा फुगायला लागतो. मिलिमीटरभर होतो, शंभर-दोनशे मायक्रोसेकंदांत कोसळतो, थोडा उसळतो, परत कोसळतो. प्लाझ्माच्या आयुष्याच्या मानाने हा म्हणजे चिरंजीवच. सिंक्रोट्रॉन या कणत्वरकाचे क्ष-किरण वापरून लोकांनी या बुडबुड्याच्या पोटात डोकावून पाहिलं आहे, आणि कण तिथेच तयार झालेले दिसले. सोन्याचे ८ ते १० नॅनोमीटरचे प्राथमिक कण, आणि त्यांच्या सोबतीने ४५च्या वरचे दुय्यम कण. दुय्यम कणांचा संबंध कोसळण्याच्या वेळच्या गर्दीशी लावला जातो.

आता द्रावकाचं काम बघा. प्लाझ्माच्या वेळी तो नुसती भिंत असतो: किती दाट, किती दाबला जातो, एवढंच. बुडबुड्यात तो स्वतःच वाफ होऊन कणांबरोबर कोंडला जातो, आणि त्या तापमानाला त्याच्या रेणूंचेही तुकडे पडतात. बुडबुडा फुटला की मात्र नेहमीचा थंड द्रव, आणि त्यात वाढीला मिलिसेकंदांपासून महिन्यांपर्यंत वेळ.

तुमचा इथेनॉलचा गाळ दुसऱ्या दिवशी आला, म्हणजे तो गुन्हा तिसऱ्या टप्प्यातला. टोल्यूनचा रंग लगेच बिघडला, तो दुसऱ्या टप्प्यातला. दोन्हींना एकच आरोपी शोधत बसू नका.

अनुस्वार

बाहेरच्या माणसाचा प्रश्न: सोन्याचा रंग लाल कसा? पिवळा हवा ना?

सूक्ष्मदर्शी

@अनुस्वार, कण एवढा लहान झाला की त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एका सुरात हेलकावे घेतात. सोन्याच्या लहान गोल कणांत हे ५२० नॅनोमीटरच्या आसपास होतं, म्हणजे हिरवा रंग गिळला जातो आणि आपल्याला लाल दिसतो. कण एकमेकांना चिकटले की शिखर लांब तरंगलांबीकडे सरकतं आणि द्रव जांभळा-निळा दिसतो. फॅराडेने १८५७ साली या लाल द्रवांवर सविस्तर लिहून ठेवलंय, आणि मीठ घातल्यावर ते निळे होतात हेही त्याने पाहिलं होतं.

द्विध्रुव

माझं मत सरळ आहे: विद्युतभार आणि डायइलेक्ट्रिक स्थिरांक (द्रव विरुद्ध भारांमधलं आकर्षण किती पटींनी कमी करतो त्याचा आकडा).

लेझरने केलेल्या सोन्याच्या कणावर कुठलंही रसायन गुंडाळलेलं नसतं, तरी तो पाण्यात महिनोन्‌महिने तरंगतो. कारण त्याचा पृष्ठभाग अंशतः ऑक्सिडाइझ झालेला असतो. त्यावरचे हायड्रॉक्सिल गट प्रोटॉन सोडतात, पृष्ठभाग ऋणभारित होतो, कण एकमेकांना दूर ढकलतात. हे जमायला आजूबाजूचा द्रव भार वेगळे ठेवू शकणारा हवा. पाण्याचा स्थिरांक ७८, इथेनॉलचा २४, टोल्यूनचा २.४. दोन एकक-भारांमधलं आकर्षण उष्णतेच्या ऊर्जेएवढं होतं ते अंतर पाण्यात ०.७ नॅनोमीटर, इथेनॉलमध्ये २.३ आणि टोल्यूनमध्ये २३च्या आसपास. म्हणजे टोल्यूनमध्ये सुटा झालेला प्रोटॉन पृष्ठभागापासून पळून जाऊच शकत नाही. भार नाही, प्रतिकर्षण नाही, कण चिकटले. संपला विषय.

रवाळ

विषय इतक्यात संपत नाही हो.

@द्विध्रुव, ॲसिटोनचा स्थिरांक सांगा बरं. मीच सांगतो: २०.७. इथेनॉलपेक्षा कमी. तुमच्या नियमाने ॲसिटोनमध्ये इथेनॉलपेक्षा लवकर गाळ बसायला हवा. लोलकच्या बाटलीत नेमकं उलटं आहे. फक्त त्याच्याच नाही, चांदीवरच्या कामांमध्येही ॲसिटोनमध्ये लहान आणि टिकाऊ, इथेनॉलमध्ये मोठे आणि गाळ होणारे, असं चित्र दिसतं. आकड्यांचा एक स्तंभ घेऊन सगळं त्यावर टांगायचं, हा या क्षेत्राचा जुना रोग आहे. कोणी श्यानता टांगतो, कोणी द्विध्रुव आघूर्ण (रेणूतल्या भाराच्या विषम वाटणीचं माप). पाच द्रावकांवरून आलेख काढला तर कुठला ना कुठला गुणधर्म रेषेवर बसतोच.

माझ्या मते इथे रसायन बोलतंय. ॲसिटोनचा कार्बोनिल गट धातूच्या पृष्ठभागाला धरतो. लेझरखाली ॲसिटोनपासून ईनोलेट (त्याचंच ऋणभारित रूप) बनून तो सोन्यावर बसतो, असेही पुरावे दिलेले आहेत, शिवाय कार्बनचे तुकडे. म्हणजे तुमचे ॲसिटोनमधले कण 'उघडे' नाहीतच, त्यांनी अंगावर काहीतरी ओढून घेतलंय. इथेनॉलचं उलट. तो स्वतः ऑक्सिडाइझ व्हायला तयार बसलेला. ज्या ऑक्साइडच्या जिवावर पाण्यातला कण भार मिरवतो, तो इथेनॉलमध्ये कमीच बनत असेल तर भार येणार कुठून? हे शेवटचं माझं अनुमान आहे, छापील सत्य नव्हे.

काकदृष्टी

श्यानतेला इतकं झोडपू नका. विसरण (कणांचं आपोआप भटकत पसरणं) श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात असतं हे पाठ्यपुस्तकातलं आहे. इथिलीन ग्लायकॉल घेऊन बघा, १६ मिलिपास्कल-सेकंद. त्यात कण हळूच चिकटणार. यात चूक काय?

गणितीमांजर

@काकदृष्टी, चूक नाही, पण हिशोब करून बघितला तर त्याचं वजन कळतं.

समजा सगळे कण १० नॅनोमीटर व्यासाचे. सोन्याची घनता १९.३ धरली तर एका कणाचं वस्तुमान १०चा उणे १७वा घात ग्रॅम. लिटरला ५० मिलिग्रॅम सोनं असेल तर एका लिटरमध्ये सुमारे ५ × १०चा १५वा घात कण. आता असं धरा की प्रतिकर्षण अजिबात नाही, आदळले की चिकटले. कण आदळून चिकटण्याच्या स्मोलुचोव्स्कीच्या सूत्राने पाण्यात कणांची संख्या निम्मी व्हायला किती वेळ लागेल? सुमारे ०.०३ सेकंद.

परत वाचा. सेकंदाचा तीन शतांश भाग.

ॲसिटोनमध्ये हाच आकडा ०.०१ सेकंद, इथिलीन ग्लायकॉलमध्ये ०.६. श्यानतेने मिळवलेली सगळी सूट ही एवढी. चकतीच्या तोंडाशी तर कणांची दाटी कितीतरी जास्त, म्हणजे वेळ आणखी कमी. लोलकची पाण्यातली बाटली जर कपाटात पडून राहते, तर तिथे चिकटण्याच्या बहुतेक सगळ्या टकरी फुकट जातायत. तो अडथळा ऊर्जेचा आहे, आणि तो घातांकात बसतो. श्यानता नुसती गुणक म्हणून बाहेर उभी.

पेंगुळलेली

मांजराने नख्या काढल्या.

काकदृष्टी

@गणितीमांजर, हिशोब मान्य. तरी बुडबुड्याच्या आधी-नंतरच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत, जिथे अडथळा अजून उभाच राहिलेला नाही, तिथे हा गुणक कामाचा ठरू शकतो. तेवढी जागा मला द्या.

गणितीमांजर

दिली.

बुडबुडा

श्यानतेचं एक वेगळं काम कोणी काढलं नाही. लेझरने द्रावकाचे तुकडे होतात, त्यातून कायमचे वायू निघतात. पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन, इथेनॉलसारख्या द्रवातून हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, हलके हायड्रोकार्बन. वाफेचा मोठा बुडबुडा मरतो, पण हे बारीक वायूचे फुगे मागे राहतात. घट्ट द्रवात ते सावकाश वर जातात, लेझरच्या वाटेत रेंगाळतात, आणि पुढची पल्स त्यांच्यावर विखुरते. म्हणजे श्यानता बदलली की चकतीवर पोचणारी ऊर्जाच बदलते. आकारावरचा परिणाम असा आडवाटेनेही येतो. द्रव वाहता ठेवला तर हा त्रास बराच कमी होतो.

लोलक

वा, एका रात्रीत इतकं! थोडी माहिती देतो. ढवळणी चालू असते, पण द्रव वाहता नाही. आकार डीएलएस (विखुरलेल्या प्रकाशावरून आकार काढणारं यंत्र) आणि टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) दोन्हींनी बघितले. ॲसिटोनमधले कण दोन्हींत लहान.

सूक्ष्मदर्शी

डीएलएसमध्ये द्रावक कुठला निवडला होता ते महत्त्वाचं. यंत्र आकार मोजत नाही. कण किती वेगाने भटकतो ते मोजतं आणि श्यानतेचा आकडा घालून आकार काढतं. सेटिंग 'पाणी' ठेवून ॲसिटोनचं सॅम्पल घातलं तर १० नॅनोमीटरचा कण साडेतीनचा दिसेल. 'ॲसिटोनमध्ये कण लहान' हे वाक्य कुठेही वाचलं की मी आधी प्रयोगाचा भाग उघडून सेटिंग बघतो. इथिलीन ग्लायकॉलमध्ये तर तीच गफलत अठरा पटींची होईल, दुसऱ्या दिशेने.

झेटाचंही (कणावरच्या भाराचं माप) तसंच. मोजलेल्या वेगावरून झेटा काढताना पाण्यासाठी एक गुणक, कमी ध्रुवीय द्रावकांसाठी वेगळा. टोकाला टोक धरलं तर दीडपटीचा फरक.

लोलक

@सूक्ष्मदर्शी, प्रत्येक द्रावकासाठी श्यानता आणि अपवर्तनांक (द्रवात प्रकाश किती वळतो त्याचा आकडा) दोन्ही बदलले होते, तापमान २५ अंश. त्यामुळे फरक खरा आहे.

सूक्ष्मदर्शी

मग उत्तम. टीईएमबद्दल एकच: जाळीवर थेंब वाळताना कण एकमेकांजवळ ओढले जातात. ॲसिटोन झटकन उडतो, पाणी रेंगाळतं. 'गुच्छ दिसले' यावरून 'द्रवात गुच्छ होते' असं म्हणू नका. एकेका कणाचा व्यास मात्र विश्वासाने घ्या.

आणि शिखर सरकलं म्हणजे कण वाढलाच असंही नाही. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, टोल्यूनचा १.५०. कण तसाच राहिला तरी नुसत्या द्रवाच्या बदलाने सोन्याचं शिखर आठ-दहा नॅनोमीटर लाल बाजूला जातं. डीएमएसओ या द्रावकातही जवळपास तेवढंच. इथेनॉल आणि ॲसिटोन मात्र दोघेही १.३६, त्यामुळे तुमचा इथेनॉलमधला जांभळा रंग या सबबीखाली सुटत नाही.

अनुस्वार

हे सगळं वाचून एक बाळबोध शंका. सोन्याचे नॅनोकण रसायनाने सहज होतात असं ऐकलंय. मग हा लेझरचा खटाटोप कशासाठी?

रवाळ

बाळबोध अजिबात नाही. सोन्याचा क्षार उकळायचा, सायट्रेट घालायचं, काही मिनिटांत लाल. टर्केविच आणि सहकाऱ्यांनी १९५१ साली ती पद्धत नीट अभ्यासली. स्वस्त, आणि आकार लेझरपेक्षा एकसारखे. पण तिथे कणावर सायट्रेट बसलेलं असतं, द्रवात क्षारांचे अवशेष उरतात. शरीरात वापरायचं असेल किंवा पृष्ठभागावरची अभिक्रिया बघायची असेल तर हे पाहुणे नको असतात. लेझरवाल्याची फुशारकी एवढीच की 'माझा कण स्वच्छ'. म्हणून तर द्रावकाचा प्रश्न इथे इतका टोकदार. सायट्रेटवाल्याकडे राखणदार आहे. लेझरवाल्याकडे जो काही आहे तो द्रावकच.

जुनीवही

अवांतर, पण राहवत नाही. द्रवाखाली लेझर मारून द्रवाकडूनच रसायन करून घ्यायचं, या कल्पनेच्या सुरुवातीच्या कामांत पुणे विद्यापीठाचं नाव आहे. पाण्याखालच्या लोखंडावर लेझरच्या पल्स मारून पाण्याकरवी त्याचं ऑक्सिडेशन केल्याचा तिथल्या गटाचा लेख १९८७ साली 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये आला. लेखकांत ओगले आणि भिडे ही नावं आहेत. ते पृष्ठभागावरचं काम होतं, कलिल बनवायचं नव्हतं. धातूंची कलिलं म्हणून ही पद्धत पुढे आली ती १९९३च्या सुमारास. पण द्रव हा नुसता प्रेक्षक नाही, खेळाडू आहे, ही गोष्ट त्या १९८७च्या कामातच आहे.

बुडबुडा

@जुनीवही, अवांतर कसलं, नेमकं मुद्द्यावर! लोखंड हेच तर उत्तम उदाहरण. सोनं मुळात अबोल, म्हणून त्यात फरक रंगापुरता दिसतो. पादुआच्या आमेंडोला आणि मेनेगेट्टी यांच्या गटाने २०११ साली सेंद्रिय द्रावकांत लोखंडावर हेच केलं. द्रावक बदलला तसा माल बदलला: कुठे लोह कार्बाइड, कुठे लोह ऑक्साइड, कुठे ऑक्साइडचं कवच घेतलेलं लोह, कुठे जवळपास शुद्ध लोह. चकती एकच! मॅग्नेशियम पाण्यात हायड्रॉक्साइड देतं, ॲसिटोनमध्ये ऑक्साइड. टायटॅनियम पाण्यात ऑक्साइड देतं, कार्बनवाल्या द्रावकांत कार्बाइडकडे झुकतं. यातलं बरंचसं थंड द्रवात होणारं नाही, ते बुडबुड्यात आणि त्याच्या आधी.

लोलकचं टोल्यूनही यातच. टोल्यूनच्या वलयाचे तुकडे होतात आणि कणावर ग्राफाइटसारखं कार्बनचं कवच चढतं. त्या कवचाखाली सोन्याचं शिखर दबून जातं. म्हणून तपकिरी.

द्विध्रुव

म्हणजे टोल्यूनमध्ये कण चिकटले नसतीलही, कवचामुळे उलट सुटे राहिले असतील. हे रोचक आहे. माझ्या २३ नॅनोमीटरच्या हिशोबाला तिथे कामच उरत नाही.

पण इथेनॉल आणि पाणी यांच्या तुलनेत माझा मुद्दा अजून उभा आहे, हे नोंदवून ठेवतो.

गवाक्ष

सगळे द्रावकाबद्दल बोलताय, बाटलीबद्दल कोणीच नाही. बाटलीवर 'टेट्राहायड्रोफ्युरान' लिहिलेलं असतं, आत बहुतेकदा बीएचटी हा स्थिरकारकही असतो, पेरॉक्साइड बनू नये म्हणून. बाजारातल्या क्लोरोफॉर्ममध्ये इथेनॉल किंवा ॲमिलीन. साध्या ऊर्ध्वपातनाने काढलेलं इथेनॉल ९५.६ टक्क्यांच्या वर जात नाही, उरलेलं पाणी. 'शुद्ध' ॲसिटोनही हवेतलं पाणी ओढतो. नॅनोमोलर कणांच्या गावात या मिलिमोलर पाहुण्यांची संख्या कणांच्या लाखो पट. एकेका कणाला झाकून टाकायला ते पुरून उरतात.

पाण्यातसुद्धा हेच. मायक्रोमोलर पातळीचे क्लोराइड किंवा ब्रोमाइड आयन असले तरी लेझरने केलेले सोन्याचे कण लहान आणि टिकाऊ होतात. ते पृष्ठभागावर बसून भार वाढवतात. तेच मीठ शेकडो पट वाढवा, भाराचं कवच दाबलं जातं आणि सगळं निळं. एकाच पदार्थाचे दोन विरुद्ध परिणाम, फक्त मात्रेवर.

आणि विरघळलेला वायू! पाण्यापेक्षा सेंद्रिय द्रावकांत ऑक्सिजन कितीतरी जास्त विरघळतो. तांब्या-लोखंडावर काम करणाऱ्यांनी आर्गॉन न सोडता 'द्रावकाचा परिणाम' लिहू नये असं माझं स्पष्ट मत.

रवाळ

+१. निम्म्या शोधनिबंधांमधला 'द्रावकाचा परिणाम' हा बाटलीतल्या भेसळीचा परिणाम असणार. निम्म्या हा शब्द रागाच्या भरात, आकडेवारी मागू नये.

तारेवरची

मी सुरक्षेवाली, त्यामुळे रंगाचा बेरंग करते. ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट उणे २० अंश, टोल्यूनचा ४, इथेनॉलचा १३. तिन्ही खोलीच्या तापमानाला पेटायला तयार. आणि तुम्ही त्यात हजारो केल्विनचा प्लाझ्मा करताय. द्रवाच्या आत हवा नाही म्हणून पेटत नाही, पण पातळी खाली गेली, चकती उघडी पडली किंवा किरण एकवटतात ते केंद्र द्रवाच्या पृष्ठभागापाशी आलं की ठिणगी थेट बाष्प-हवेच्या मिश्रणात. उघड्या बीकरमध्ये ॲसिटोन असेल तर पातळी सतत उतरत असते. झाकणाची कुव्हेट (काचेची छोटी चौकोनी कुपी), बाजूने किरण, वर नायट्रोजन. चष्मा १०६४चाच, ५३२चा चालत नाही. १०६४ डोळ्यांना दिसतही नाही.

बुडबुडा

@तारेवरची, सुरक्षेच्या मुद्द्यातच प्रयोगाचाही मुद्दा आहे. पातळी उतरली की लेन्सचं केंद्र चकतीच्या संदर्भात सरकतं, म्हणजे ठिपक्याचं क्षेत्रफळ बदलतं. अपवर्तनांक बदलला तरी सरकतं. शिवाय १०६४ला पाणी स्वतः प्रकाश शोषतं, एका सेंटीमीटरला दहा टक्क्यांहून जास्त. द्रावक बदलून 'ऊर्जा तीच' म्हणायचं असेल तर ती चकतीवर तीच हवी, लेझरच्या तोंडाशी नव्हे. लोलक, प्रत्येक द्रवात चकतीवरच्या खड्ड्याचा व्यास मोजून बघा.

लोलक

चकतीवरचे खड्डे मोजायचं डोक्यात आलं नव्हतं, ते करतो. द्रवाची उंची सगळीकडे सारखी ठेवली होती, ॲसिटोनला झाकण होतं.

आता मूळ प्रश्नाकडे. इतकं वाचून मला वाटतंय की दोन टप्पे एकमेकांपासून तोडल्याशिवाय वाद मिटणार नाही. असं केलं तर? एक: पाण्यात कण बनवायचे आणि मग ते कलिल तेवढ्याच इथेनॉलमध्ये ओतायचं. दोन: इथेनॉलमध्ये बनवायचे आणि लगेच, अगदी मिनिटाच्या आत, तेवढ्याच पाण्यात ओतायचे. शेवटचं मिश्रण दोन्हीकडे तेच. कण वेगळे निघाले तर फरक जन्माच्या वेळचा, सारखे निघाले तर नंतरचा. ॲसिटोनसाठी हीच जोडी परत.

गणितीमांजर

कल्पना छान, पण मिनिटभर ही वेळ लांब आहे. वरचा ०.०३ सेकंदाचा आकडा आठवा. इथेनॉलमध्ये अडथळा खरोखर कमकुवत असेल तर तुम्ही ओतेपर्यंत बरंच होऊन गेलेलं असेल. बुडबुड्याने म्हटल्याप्रमाणे द्रव वाहता ठेवा, आणि इथेनॉलची धार चकतीवरून निघाली की लगेच पुढच्या सांध्यात पाण्याला भेटू द्या. सेकंदाच्या आत मिसळलं तरी खूप झालं.

द्विध्रुव

तिसरी जोडी घाला. इथेनॉलमध्ये बनवताना मायक्रोमोलर सोडियम ब्रोमाइड. गाळ थांबला तर भाराची बाजू जिंकली, आणि रवाळसाहेबांना एक वाक्य मागे घ्यावं लागेल.

रवाळ

थांबला तर 'ब्रोमाइड पृष्ठभागाला चिकटला' असं मी म्हणेन, आणि चिकटणं हे रसायनच. वाक्य कुठलंही मागे घेणार नाही. पण प्रयोग जरूर करा.

पेंगुळलेली

हा सामना बरोबरीतच सुटणार, दिसतंय मला.

काकदृष्टी

माझी एक विनंती. पाणी-ॲसिटोन मिश्रणांची मालिकाही लावा: ०, ५, २०, ५०, १०० टक्के. ५ टक्क्यांतच आकार धाडकन बदलला तर ॲसिटोन पृष्ठभागावर बसतोय. सावकाश, रेषेत बदलला तर द्रवाचे एकंदर गुणधर्म काम करतायत. रसायन की भौतिकी, याचं उत्तर एका आलेखाच्या वळणातून मिळेल.

रवाळ

हे मात्र झकास. श्यानतेच्या पक्षातून इतका चांगला प्रयोग येईल असं वाटलं नव्हतं.

लोलक

@काकदृष्टी, ही मालिका सगळ्यांत आधी लावतो, कारण तिला वाहत्या द्रवाची जुळणी लागत नाही. दर मिश्रण नव्या धुतलेल्या चकतीवर, बाटल्या एकाच गठ्ठ्यातल्या. इथेनॉलच्या जोड्या सांधा बसवून झाल्यावर. ब्रोमाइडही करतो, भांडण बघायला.

सूक्ष्मदर्शी

इथेनॉल-पाणी मिश्रणांचं डीएलएस करताना जपून. दोघांची श्यानता ०.८९ आणि १.०७ आहे म्हणून मिश्रणाची मधली कुठलीतरी धराल तर फसाल. निम्म्या-निम्म्या मिश्रणाची श्यानता २५ अंशांना २.४च्या आसपास जाते, दोघांच्याही दुपटीहून जास्त. सरासरी आकडा टाकलात तर सगळे कण ओतल्याबरोबर दुपटीने फुगल्यासारखे दिसतील. आणि मिसळल्यावर द्रव गरम होतो, विरघळलेली हवा बारीक बुडबुड्यांनी बाहेर येते, ते बुडबुडेही डीएलएसला कणच वाटतात. तापमान २५वर परत येऊ द्या, बुडबुडे निघून जाऊ द्या, मगच सॅम्पल लावा. वर्णपट मात्र ओतल्याक्षणापासून घेत राहा.